पुण्याला जाऊन सेमिनरी की जालन्यात बसून? फॉस्टरचं लेकरू घरात असेल तर

मागच्या महिन्याभरात दोन जोडप्यांनी मला हेच विचारलं. चर्चच्या सेवाकार्याचं शिक्षण घ्यायचंय, पोरं घरीच शिकवतो, आणि फॉस्टरमध्ये, म्हणजे दत्तक न घेता सांभाळायला, एक लेकरू घ्यायचं मनात आहे, तर सगळं बिऱ्हाड घेऊन सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, राहायला जावं का घरी राहून एक्स्टेंशनचा, म्हणजे घरबसल्या शिकायचा, कोर्स धरावा. मी दोन्ही चाखलंय, एक टर्म पुण्यात आणि आता तिसरं वर्ष जालन्यातून, म्हणून लिहायलोय. माझं बघून लगेच ठरवू नका, प्रत्येकाचं घर वेगळं असतं.

आमच्या घरात थोरली बारा वर्षांची, धाकटा आठचा, दोघं घरीच शिकतात. तिसरा दहाचा, बाल कल्याण समितीच्या ऑर्डरने आमच्याकडे आलेला, तो रोज शाळेत जातो. आम्हाला काका-काकूच म्हणतो, आम्हीच तसं सांगितलं.

आता सेमिनरीत राहून शिकण्याचं सुख काय असतं ते आधी सांगतो, कारण ते खरंच आहे. लायब्ररी रात्री उघडी असते. ग्रीक शिकवणारा माणूस समोर असतो, अडलं की विचारता येतं. जेवताना शेजारी मिझोरामचा बसलाय, पलीकडे केरळचा, आणि आपल्याला कळतं की मंडळी म्हणजे फक्त आपल्या कॉलनीतलं चर्च नाही. आपल्याकडे याची परंपरा पण जुनी आहे, बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ ला यवतमाळात सुरू झाली आणि १९८३ ला पुण्याला आली. मी कुठं होतो ते लिहीत नाही, कारण माझी अडचण सेमिनरीमुळे झालीच नव्हती. इंग्रजीचा त्रास झाला थोडा, मराठी मीडियमवाल्याला होतोच, दोन महिन्यांत कान बसतो.

लोक काय म्हणतात, तुमची पोरं होमस्कूलची आहेत, तुम्हाला काय, पुस्तकं उचलली की निघाले. माझं पण हेच गणित होतं. घरच्या दोघांपुरतं ते बरोबर आहे, एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, त्यांच्या ओपन बेसिकच्या लेव्हल असतात तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या, आणि पुढं दहावीला तेच किंवा आपल्या बोर्डाचा बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म आहेच. पण फॉस्टरचं लेकरू असं उचलता येत नाही. त्याला शाळा पाहिजे, हजेरी पाहिजे, तो कसा आहे ते बघायला माणूस येणार आणि त्याच्या फॉर्ममध्ये हे सगळं लिहिणार. घरातला एक पोरगा शाळेच्या घंटेला बांधलेला असला की अख्खं घर बांधलेलं असतं, मग बाकीच्या दोघांचं होमस्कूलिंग कितीही मोकळं असू द्या.

आणि आता तपासणीवाल्यांचा फोन. बाल न्याय कायद्यात दर महिन्याला तपासणी सांगितलीय, ते योग्यच आहे, परक्याच्या घरात लेकरू ठेवायचं तर कुणीतरी बघितलंच पाहिजे. पण तारीख आधी कळत नाही. मी पुण्यात एकटा, बाकी सगळे जालन्यात, आणि गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला फोन, "उद्या अकराला येतोय, दोघं पण घरी थांबा." मग सरांना सांगा, बॅग भरा, वाकडेवाडीचा स्टँड गाठा, नगरला चहा, आणि पहाटे चारला जालना. मिसेसनी उठून पोहे केले, पोराला आंघोळ घालून शर्टाला इस्त्री केली, त्या दिवशी त्याची शाळा बुडवली. अकरा वाजले, बारा वाजले. एकला फोन, "मीटिंग लागली, पुढच्या आठवड्यात बघू." एका टर्ममध्ये असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी ग्रीकची टेस्ट बुडाली, आणि मला राग आला तो कुणाचा, तर त्या लेकराचा. तो दारात बूट घालून उभा होता आणि माझ्या मनात आलं, याच्यामुळं. दोन मिनिटंच, पण आलं. तेवढ्यावरच मी ठरवलं, हे असं नाही चालणार. (तपासणीच्या मॅडमना दोष देत नाही, त्यांच्याकडे किती गावं आहेत ते मी बघितलंय, एसटीनेच फिरतात त्या पण.)

मग सगळ्यांनाच पुण्याला ने, असं पाळकसाहेब म्हणाले. परवानगी मागता येते, होत नाही असं नाही. पण त्या लेकराची आजी दुसऱ्या शनिवारी तालुक्याहून भेटायला येते, पदरात बोरं नाहीतर शेंगा बांधून. तिला विचारलं तर म्हणाली, "पुन्याला म्या कशी येऊ रे बाबा, मला बोर्ड वाचता येईना." हे आम्ही तिथंच थांबवलं.

घरून शिकण्यात सगळं गोड आहे असं नाही. बंगलोरची टॅफ्टी ही घरबसल्या बायबलचं शिक्षण देणारी संस्था १९७१ पासून हेच काम करतीय, स्वतः वाचायचं आणि मग ग्रुपमध्ये बसून बोलायचं, तसल्याच पद्धतीचा माझा कोर्स आहे. वेळ दुप्पट लागतो. पुस्तकं मागवावी लागतात. रात्री साडेनऊला वही उघडली की पेंग येते, आणि उन्हाळ्यात लाईट गेली की तेवढी पण नाही. ग्रीक तर कच्चंच राहणार माझं. एकदा मी अक्षरं गिरवत होतो तर हा फॉस्टरचा पोरगा माझ्या बाजूला येऊन बसला, ओमेगाकडे बघून म्हणाला, "काका, तुमी पण पहिलीतच का?" पण मी स्वतःची समजूत घालतो, विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्यांनी बंगालमध्ये बसून पंडिताच्या मदतीने मराठी शिकली आणि १८०५ ला आपल्या भाषेचं व्याकरण छापलं, तर मला जालन्यात बसून ग्रीक का येऊ नये.

एक गोष्ट मात्र सेमिनरीत मिळाली नसती. हे पोरगं हिंदू घरातलं आहे आणि तसंच राहणार, तो त्याच्या आजीचा आणि कायद्याचा पण हक्क आहे. संध्याकाळी आमची प्रार्थना होते तेव्हा त्याला वाटलं तर बसतो, नाहीतर अंगणात बॉल मारत बसतो. पोळ्याला मातीचे बैल आणतो आम्ही. तपासणीत हे विचारतात आणि विचारायलाच पाहिजे. चोवीस तास चॅपल आणि क्वार्टरमध्ये, जिथं प्रत्येक घर पाळकाचं, तिथं त्याला असं अंगण राहिलं असतं का, मला शंका आहे.

तुमच्याकडे फॉस्टरचं लेकरू अजून आलेलं नसेल आणि पोरं लहान असतील तर सेमिनरी आधी करून घ्या, मी तर म्हणीन बिनधास्त जा, परत आल्यावर अर्ज करा. पण लेकरू घरात आलेलं असेल, तर माझ्या मते तरी जिल्हा सोडू नका. पैशाचं म्हणाल तर मिशन वात्सल्य या सरकारी योजनेत लेकरामागं महिना ४००० रुपये आहेत, त्यावर हिशोब मांडू नका. आणि फॉस्टरच्या २०२४ च्या सरकारी सूचनांनी लेकरू दोन वर्षं घरात राहिल्यावर दत्तकाची वाट मोकळी केलीय, तो विचार असेल तर मधेच घर हलवणं अजूनच नको.

परवा परत फोन आला, "उद्या अकराला येतोय." मी म्हणलं या मॅडम, घरीच आहे. आल्या नाहीत. पण बारापर्यंत माझा एक चॅप्टर झाला.