दोन बैठका: शनिवारी कोल्हापूर, रविवारी मिरज

कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत भस्मसात झाल्यापासून मी मोठ्या कार्यक्रमांऐवजी शास्त्रीय गायनाच्या छोट्या बैठकांकडे वळलो. त्यातलीच शनिवारची बैठक कोल्हापुरातील एका लहान सभागृहात झाली. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ ज्या शहरात शाहू महाराजांच्या आश्रयाने गायले, तिथे जेमतेम साठ श्रोत्यांसाठी ध्वनिक्षेपकाचा एवढा गोंगाट कशासाठी, हे मला उमगले नाही. तंबोऱ्याचा झंकार त्यात पार बुडाला. चहा मात्र उत्तम होता.

रविवारी सकाळच्या रेल्वेने सुमारे ५० किलोमीटरवरच्या मिरजेला गेलो. तिथे एका वाड्याच्या माजघरात, भारतीय बैठकीवर, गायिकेपासून चार हातांवर बसून ऐकलेला तोडी राग या फेरीचा खरा मोबदला ठरला, कारण ध्वनिक्षेपक नसल्याने तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. तंबोरे अर्थातच मिरजेचे होते. भोपळ्यापासून बनणाऱ्या या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी खुर्च्या केवळ चारच असल्याने लवकर पोहोचावे. मिरजेला मी पुन्हा जाईन. कोल्हापूरच्या त्या सभागृहात मात्र ध्वनियोजना बदलल्याचे कळल्यावरच.