ठासणीच्या बंदुकीचं तोंड घासून घेतलं, सावंतवाडी साइडच्या दुकानाचा रिव्ह्यू

काम एक नंबर, वेळेच्या नावाने बोंब.

आमची शेतीसंरक्षणाच्या लायसनवरची जुनी ठासणीची बंदूक आहे, म्हणजे दारू, बोळा, छर्रे सगळं नळीच्या तोंडातून ठासून भरायचं, आजोबांनंतर माझ्या नावावर झाली. दारू ओतली की वरून चिंधीचा बोळा आत जायलाच मागायचा नाही, नळीच्या तोंडाची आतली कड धारदार आणि एका बाजूने गंजाने खाल्लेली, त्यामुळे बोळा तिथेच फाटायचा नाहीतर अडकायचा आणि मग गजावर (ठासायच्या लांब सळीवर) ठोकाठोक. रात्री बागेत डुकरं शिरल्यावर नुसता आवाजाचा बार काढायचा तरी एवढा कुटाणा कोण करणार!

घरीच पॉलिश पेपर मार म्हणणारे गावात भरपूर. पण आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ प्रमाणे बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडेही लायसन लागतं, म्हणून मुकाट्याने दुकान गाठलं. पहिला प्रश्न, "लायसन हाडलात काय?" ते बघितल्याशिवाय बंदुकीला हात लावला नाही, हे मला आवडलं. मग गज नळीत सोडला, तोंडाशी बोटाने खूण धरली आणि बाहेरून लावून बघितला. गज पार तळापर्यंत गेला म्हणजे आत आधी भरलेला, न उडालेला बार राहिलेला नाही.

नंतर तेलातला बोळा थोडा खाली दाबला, घासल्याचा कीस तळाला निपलच्या भोकात (जिथून ठिणगी दारूपर्यंत जाते) जाऊ नये म्हणून. पॉलिश पेपर अंगठ्याखाली धरून तोंडात फिरवायचा, जरा घासलं की नळी थोडी वळवायची, परत घासायचं, आधी जाडा पेपर मग बारीक. मशीन नाही काही नाही. मध्येच टॉर्च मारून आतली चकचकीत रिंग बघायचे, ती सगळीकडून सारख्या रुंदीची हवी, एका बाजूला जास्त घासलं गेलं तर छर्रे तिरके जाणार. आता तोंड आतून किंचित पसरट झालंय, बोळा अंगठ्यानेच आत बसतो आणि मग गज सरळ खाली. नेम सुधारला वगैरे म्हणणार नाही, त्यासाठी केलंही नव्हतं.

गंजाचे खड्डे मात्र तसेच आहेत, ते काढायला गेलं तर नळी पातळ होईल म्हणाले. बार काढल्यावर त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुवा, सुकवा, तेल लावा असं बजावलं, दारूची काजळी आपल्या खाऱ्या हवेत ओल धरते.

वाईट काय, तर "उद्या या" चालूच असतं आणि बंदूक ठेवून घेतल्याची पावती मागून मागून घ्यावी लागली. इलेक्शननंतर लगेच जाऊ नका, पोलीस स्टेशनला जमा केलेल्या बंदुका सुटल्या की सगळा तालुका तिथेच असतो.