ग्राउट भरलेली विनाइल फरशी: एक पावसाळा काढल्यावर

मालवणजवळच्या चिऱ्यांच्या घरात मार्चअखेर दोन खोल्यांत ४ मिमी जाडीच्या, १२ बाय १२ इंची विनाइल टाइल डिंकावर बसवल्या आणि ३ मिमीच्या सांध्यांत ग्राउट (टाइलमधल्या फटी बुजवायचं मिश्रण) भरलं. आता नोव्हेंबर. माडीवर स्लॅबवर बसवलेली फरशी पहिल्या दिवशी होती तशीच आहे. खाली माजघरात मात्र पश्चिमेच्या भिंतीलगतची एक ओळ जुलैत उठली. टाइल, डिंक, ग्राउट दोन्हीकडे एकच. फरक पडला तो जोत्यातून चढणाऱ्या ओलीचा.

जुन्या कोब्याखाली प्लास्टिकचा थर नसतो. पावसात जमिनीतली ओल वर येते आणि कोब्यातून हवेत निघून जाते. वरून विनाइल चिकटवलं की ही वाट बंद. मग ओल आणि सिमेंटचे क्षार मिळून अ‍ॅक्रिलिक डिंक मऊ पाडतात. म्हणून माजघरात ओल अडवणाऱ्या इपॉक्सी लेपाचे दोन हात मारले होते, पण भिंतीकडेला चार बोटं जागा सुटली होती. बरोबर तीच ओळ गेली: आधी ग्राउटवर पांढरा लोणा, मग केसासारखी चीर, मग टाइलची कड वर. इपॉक्सी भिंतीला भिडवून स्कर्टिंगमागे दोन इंच वर चढवायलाच हवी.

ओल तपासायला ४५ सेमी चौरस प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून १६ तास ठेवतात. खाली थेंब दिसले किंवा कोबा काळवंडला तर ओल आहे. पण उन्हाळ्यात ही चाचणी कोरडी निघू शकते. पावसाळ्यात त्या जागी अंथरलेली गोधडी दमट व्हायची का, हे घरातल्या जाणत्यांना विचारावं, ते जास्त खरं.

काम शिमग्यानंतर काढावं. गणपतीच्या तोंडावर घाई केली तर दमट हवेत डिंक वाळतच नाही. तांबडा घोटीव कोबा असेल तर आधी ग्राइंडरने खरखरीत करावा, गुळगुळीत पृष्ठभागावर प्राइमर धरत नाही. ३ मीटरच्या पट्टीखाली ५ मिमीपेक्षा जास्त पोकळी दिसली तर सेल्फ लेव्हलिंग (आपोआप सपाट पसरणारं मिश्रण) ओतावं, नाहीतर खळग्यावरची टाइल पायाखाली दबते आणि सांधा फुटतो. टाइलचे खोके ४८ तास त्याच खोलीत आडवे ठेवावेत. जुन्या खोल्या गुण्यात (काटकोनात) नसतात, म्हणून भिंतीपासून सुरुवात न करता मध्यावर दोरी मारून तिथून निघावं.

डिंक बारीक दात्यांच्या ट्रॉवेलने पसरावा. पांढरा रंग जाऊन तो पारदर्शक झाला आणि बोटाला चिकट लागूनही बोटावर आला नाही, की टाइल ठेवायची. किनाऱ्यावर यासाठी डब्यावरच्या वेळेपेक्षा जास्त थांबावं लागतं. ओला असताना टाइल ठेवली तर ती सरकते आणि डिंक सांध्यांतून वर येतो. शेवटी सगळीकडे जड रोलर फिरवावा.

ग्राउट दुसऱ्या दिवशी. सिमेंटचं ग्राउट इथे चालत नाही. विनाइल किंचित लवतं, सिमेंट लवत नाही, म्हणून ते भुगा होऊन निघतं. तयार मिळणारं, विनाइलसाठीचं अ‍ॅक्रिलिक ग्राउटच घ्यावं. १० बाय १२ फुटांच्या खोलीला १३२ टाइल (दहा टक्के तूट धरून) आणि साधारण २ किलो ग्राउट पुरतं. रबरी फ्लोट (सपाट थापी) सांध्याला तिरका धरून एका वेळी आठ-दहा चौरस फूटच भरावं आणि लगेच, घट्ट पिळलेल्या स्पंजने तिरकंच पुसावं. स्पंज ओला राहिला तर सांध्यातलं ग्राउट धुऊन खोल बसतं. उशीर झाला तर टाइलवर धुरकट थर राहतो आणि तो काढताना जीव जातो. ओलं पोतेरं आठवडाभर नको.

वापरात पायाला थंडगार लागत नाही, पावसाळ्यात घसरत नाही, हे खरं सुख. फिकट ग्राउट मात्र घेऊ नये, तांबडी माती त्यात मुरते. रबरी पाठीची पायपुसणी टाकू नयेत, विनाइलवर कायमचा पिवळा डाग पडतो. अ‍ॅसिडने कधीच पुसू नये.

माडीवर ही फरशी निर्धास्त घ्यावी. तळमजल्यावर पूर्ण इपॉक्सी करायची तयारी नसेल तर सरळ सिरॅमिक बसवावी.

उठलेली ओळ आत्ता दुरुस्त करता येते: कटरने सांधा कापायचा, हेअर ड्रायरने टाइल कोमट करून उचलायची, डिंक खरवडायचा, कोबा पूर्ण वाळू द्यायचा, इपॉक्सी मारून नवी टाइल ठेवायची. त्यासाठी त्याच बॅचच्या आठ-दहा टाइल पोटमाळ्यावर आडव्या जपून ठेवाव्यात. पुढच्या बॅचचा रंग जुळेलच असं नाही.