न्यू इकोटा, जॉर्जिया: छापखान्यात निदान तासभर थांबा

अटलांटाहून आय-७५ महामार्गाने उत्तरेला निघालं की सव्वा तासात कॅल्हून येतं, आणि गावाबाहेर न्यू इकोटा. चेरोकी या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांनी १८२५ साली ठराव करून वसवलेली ही त्यांची राजधानी. आज तिथे मोठं गवताळ मैदान आहे, त्यात लांब लांब उभ्या असलेल्या लाकडी इमारती आणि भरपूर शांतता. पहिल्यांदा मी एका टूरवाल्यांबरोबर गेले होते. त्यांनी धबधब्याकडे जाताना वाटेत वीस मिनिटं गाडी थांबवली, "इथे रेड इंडियन राहायचे" एवढं सांगितलं आणि सगळ्यांना परत गाडीत बसवलं. त्या वीस मिनिटांत मला लांबून छापखाना दिसला. त्यासाठीच पुढच्या महिन्यात एकटी परत गेले आणि दिवसभर राहिले.

माझे बाबा मिरजेला छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे हाताने अक्षरं जुळवणारे, होते. डाव्या हातात ओळ जुळवायची पट्टी, म्हणजे स्टिक, आणि उजवा हात न बघता या खणातून त्या खणात. शाळेतून आल्यावर मी ते बघत बसायचे. त्यामुळे इथल्या छापखान्यात शिरल्यावर माझी नजर हाताने दाबायच्या यंत्रावर गेलीच नाही, आधी खिळ्यांच्या केसवर, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या खणांच्या पेटीवर गेली. बाबांना तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. त्यांचा पहिला प्रश्न, "खण किती गं?"

खणांची संख्या ठरली ती लिपीवरून. सिक्वोया नावाच्या माणसाने १८२१ च्या सुमारास चेरोकी भाषेसाठी लिपी तयार केली. त्याला स्वतःला इंग्रजी वाचता येत नव्हतं. छपाईला आली तेव्हा तिच्यात ८५ अक्षरं होती. आपल्याकडे क ला काना दिला की का होतो, वेलांटी दिली की की. त्यांच्याकडे मुळात सुटा क नाहीच. का, के, की, को, कू यांना प्रत्येकी वेगळं अक्षर, आणि सहावं नाकातून म्हणायचं. मात्रा नाही, रफार नाही, जोडाक्षर नाही. सगळ्या लिपीत एकट्या व्यंजनासाठी एकच खिळा आहे, तो स चा. हे ऐकून बाबा थोडा वेळ गप्प झाले. देवनागरी केसमधली अर्धी अक्षरं शोधण्यात ज्याची उमेदीची वर्षं गेली, त्यालाच त्या गप्प होण्याचा अर्थ कळेल. ८५ अक्षरं पाठ झाली की माणूस वाचायला लागतो. चेरोकी शिकले आणि थोड्याच वर्षांत घराघरांत वाचू लागले.

हे खिळे बॉस्टनला ओतून घेतले होते. २१ फेब्रुवारी १८२८ ला 'चेरोकी फिनिक्स' या वर्तमानपत्राचा पहिला अंक निघाला, चेरोकी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत. संपादक इलायस बुडिनॉट स्वतः चेरोकी. अंक निघाला त्याच्या आदल्या वर्षी चेरोकी राष्ट्राची लेखी राज्यघटना झाली होती. मैदानात पुन्हा बांधलेलं सर्वोच्च न्यायालय आहे, विधिमंडळाची इमारत आहे. तिथल्या साध्या बाकांवर थोडा वेळ जरूर बसा. ज्यांना 'रानटी' म्हणून हाकलायचं होतं, ते इथे कायदे करत होते.

त्यांनी दिलेली झुंज मुख्यतः कागदावरची होती, आणि तीच मला फार मोठी वाटते. १८३० साली अमेरिकेच्या काँग्रेसने मूळ रहिवाशांच्या हकालपट्टीचा कायदा केला. जॉर्जियातल्याच डाहलोनेगाच्या बाजूला सोनं सापडलंच होतं. जॉर्जियाने चेरोकींच्या जमिनी सोडत काढून गोऱ्यांना वाटल्या. फिनिक्स हे सगळं अंकामागून अंक छापत राहिला. राज्याच्या परवान्याशिवाय चेरोकी मुलखात राहतो म्हणून मिशनरी सॅम्युएल वूस्टरला अटक झाली, आणि मुद्रक जॉन व्हीलरलाही. अकरा जणांना चार वर्षं सक्तमजुरी. नऊ जणांनी माफी घेतली, वूस्टर आणि दुसरा मिशनरी बटलर यांनी नाकारली. १८३२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वूस्टरच्या बाजूने निकाल दिला, की या राष्ट्रावर जॉर्जियाचा कायदा चालत नाही. निकाल मिळाला, अंमलबजावणी मिळाली नाही. वूस्टरचं घर मात्र अजून उभं आहे. त्या काळातली मूळ जागेवर टिकलेली तेवढी एकच इमारत. तिच्या जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून मी बराच वेळ उभी होते.

बुडिनॉटच्या घराची नुसती जागा दाखवली आहे. तिथे मला जास्त जड गेलं. लढून उपयोग नाही, असं त्याचं मत होत गेलं. ते मत फिनिक्समध्ये छापायला चेरोकींचा प्रमुख जॉन रॉस याने मनाई केली, म्हणून त्याने १८३२ ला संपादकपद सोडलं. २९ डिसेंबर १८३५ ला त्याच्याच घरी मूठभर लोकांनी जमीन सोडण्याच्या करारावर सह्या केल्या, बदल्यात ५० लाख डॉलर. राष्ट्राने तो करार मानला नाही. रॉसने १५,००० वर लोकांच्या सह्यांचा अर्ज वॉशिंग्टनला नेला, तरी सिनेटमध्ये लागणारं दोन-तृतीयांश बहुमत जेमतेम गाठून तो करार मंजूर झाला. १८३८ च्या मे महिन्यात सैनिक घराघरांतून माणसं काढायला लागले. सुमारे १६,००० लोक पश्चिमेला नेले, त्यातले अंदाजे ४,००० छावण्यांत आणि वाटेत दगावले. आणि २२ जून १८३९ ला, नव्या मुलखात, करारावर सही केली म्हणून बुडिनॉटचा खून झाला. त्याची बायको हॅरिएट आधीच वारली होती. तिचं थडगं न्यू इकोटालाच आहे. मी त्याला माफ करू शकत नाही आणि दोषही देऊ शकत नाही. तुम्ही जाल तेव्हा छापखाना आणि ही जागा एकाच दिवशी बघा, म्हणजे दोन्हीचं वजन कळेल.

आवारात व्हॅन टॅव्हर्न नावाची जुनी खाणावळ आहे. मूळची ती दुसरीकडची. तिथली जागा धरणाच्या पाण्याखाली जाणार होती म्हणून उचलून इथे आणली. वेळ असेल तर अर्ध्या तासावर चॅट्सवर्थला व्हॅन कुटुंबाचा १८०४ चा विटांचा वाडा आहे, तोही बघा. १८३५ च्या गणतीत चेरोकींकडे सुमारे १,६०० काळे गुलाम होते आणि पश्चिमेची ती वाट त्यांनाही तुडवावी लागली. हे वाड्यात गेल्यावर विसरता येत नाही.

आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं, आधी बघून निघा. सावली कमी, चालणं बरंच, जवळ पाणी ठेवा. सहावी-सातवीच्या पुढच्या मुलांना नक्की न्या. माझ्याकडून पाचपैकी पाच.

बाबांना मी शेवटी सांगितलं, की १८३४ च्या मे महिन्यात फिनिक्स बंद पडला, आणि पुढच्या वर्षी जॉर्जिया गार्ड या राज्याच्या सशस्त्र दलाने यंत्र आणि खिळे जप्त केले. १९५४ च्या उत्खननात त्यातले बरेच खिळे इथल्या मातीत सापडले. बाबांनी लगेच विचारलं, "मग तिकडे गेल्यावर छापलं कशावर?" वूस्टर पश्चिमेला नवीन यंत्र घेऊन गेला होता, १८३५ लाच तिथे छपाई सुरू झाली, आणि मुद्रक तोच, व्हीलर. "म्हणजे त्याला खण पाठ होते," बाबा म्हणाले.