बीफ स्ट्यू आणि मधुमेह: बटाटा घालावा की सलगम?

मधुमेह असलेल्या माणसासाठी स्ट्यू करायचा म्हटलं की पहिला संशय मांसावर जातो. पण बीफमध्ये कर्बोदकं जवळपास नसतातच. जेवणानंतर साखर चढते ती बटाट्यामुळे, आणि रस्सा दाट व्हावा म्हणून लावलेल्या मैद्यामुळे. म्हणजे ठरवायचंय ते मांसाच्या जोडीला काय टाकायचं ते.

चौघांसाठी अर्धा किलो बीफ, कांदा, लसूण, एखादं गाजर आणि मिरी दोन्हीकडे सारखंच. नेहमीच्या पद्धतीत यात ४०० ग्रॅम बटाटा आणि दोन मोठे चमचे मैदा पडतो. माणशी हिशेब केला तर बटाट्यातून साधारण १७ ते २० ग्रॅम कर्बोदकं आणि मैद्यातून आणखी तीनेक. तेवढ्याच वजनाच्या सलगममधून जेमतेम ६ ग्रॅम. फ्लॉवरचा आकडा त्याहून थोडा कमी.

चवीत मात्र सलगम बटाट्याची बरोबरी करत नाही, हे मान्यच करावं लागेल. त्याला किंचित कडवटपणा असतो आणि रस्सा पातळ राहतो. कडवटपणा कमी करायचा तर साल जाड काढा आणि कोवळे सलगम घ्या. दाटपणासाठी शिजलेल्या फ्लॉवरचे चार-पाच तुरे डावभर रश्शासोबत मिक्सरमधून काढून परत ओता. मैद्याची आठवणही होत नाही.

मांस कुठलं घ्यायचं यावरही दाटपणा अवलंबून असतो. मांडीचं मांस कमी चरबीचं, पण फार शिजवलं की कोरडं, दोऱ्यासारखं होतं. खांद्याच्या मांसातलं कोलॅजन (मांसाला चिवट ठेवणारं प्रथिन) मंद आचेवर विरघळतं आणि रश्शाला आपोआप अंग येतं. मी खांद्याचंच घेईन. दिसणारी चरबी आधी कापायची, आणि स्ट्यू आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवायचा. सकाळी वर पांढरा थर गोठलेला असतो, तो चमच्यानं सरळ उचलता येतो.

कुकर की पातेलं, यानं साखरेला विशेष फरक पडत नाही. कुकरमध्ये पाऊण तास, पातेल्यात दोन-अडीच तास. सलगम मात्र शेवटच्या वीस मिनिटांतच टाका, नाहीतर लगदा होतो. स्टॉक क्यूब (रश्शाला चव देणारी तयार वडी) शक्यतो टाळाच, त्यात मीठ फार असतं.

बटाटा अजिबात सोडवत नसेल तर घाला, पण मग सोबत भात किंवा पाव नको. बटाटा हाच त्या जेवणातला भात समजायचा. रोजच्यासाठी मात्र सलगमचाच बरा, त्यात पावाच्या एका स्लाइसला जागा उरते.

इन्सुलिन किंवा साखर झपाट्यानं उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर बटाट्यावरून एकदम सलगमवर जाण्याआधी डॉक्टरांशी डोसबद्दल बोलून घ्या. कर्बोदकं कमी आणि डोस तोच राहिला तर साखर खूप खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ताटात मांस किती वाढायचं, तेही त्यांनाच विचारा.