तळ्यात म्हणून निघालो, मळ्यात पोचलो

चार जुलैच्या लाँग वीकएंडला तळ्याकाठी तंबू ठोकायचे, असं आमच्या चार कुटुंबांचं मे महिन्यात ठरलं. आम्ही सगळे शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत राहणारे. व्हॉट्सअॅप ग्रुपला कोणीतरी हौसेने ‘तळ्यात-मळ्यात’ नाव दिलं. त्या नावावरून मी अजून टोमणे खाते आहे, कारण जागा मी शोधली होती आणि पैसेही मीच पाठवले होते. ७५५ डॉलर गेले. कसे गेले ते सविस्तर लिहिते.

मे महिना म्हणजे मुळातच उशीर. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या स्टेट पार्कांचं बुकिंग ११ महिने आधी उघडतं, म्हणजे या वीकएंडच्या जागा लोकांनी आदल्या ऑगस्टपासूनच धरून ठेवलेल्या. डेव्हिल्स लेक बघितलं, बकहॉर्न बघितलं, सगळीकडे फुल्ल. मग सोशल मीडियावरच्या कॅम्पिंगच्या एका ग्रुपवर जाहिरात दिसली: विस्कॉन्सिनच्याच जूनो काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) कॅसल रॉक लेकच्या काठावर स्वतःच्या मालकीची जागा, सहा तंबूंची सोय, शेकोटीचा खड्डा, दोन कनू, म्हणजे वल्हवायच्या छोट्या होड्या. रात्रीचे १६० डॉलर. ‘बुकिंगच्या साइटवाल्यांना कमिशन कशाला द्यायचं, आपण थेट बोलू,’ असं जाहिरातवाल्याने लिहिलं होतं. कमिशन वाचतंय म्हटल्यावर आपण कसे विरघळतो, ते मी वेगळं सांगायला नको.

माणूस बोलायला इतका गोड की शंका घ्यायचीच लाज वाटावी. मुलांची वयं विचारली. काठाला पाणी उथळ आहे म्हणाला. सहा वर्षांच्या मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट शेडमध्ये पडलंय, ते काढून ठेवतो म्हणाला. तिथेच माझी विकेट पडली.

आई-बाबा तेव्हा तासगावहून आमच्याकडे आलेले होते. बाबांचं निम्मं आयुष्य बांधाच्या भांडणात गेलंय. त्यांना कौतुकाने फोटो दाखवला, तर चष्मा कपाळावर चढवून, फोन नाकाशी धरून म्हणाले, “ह्यो डोंगर कुठला गं? आन् जागा कुणाच्या नावावर हाय?”

मी म्हटलं, बाबा, इथे सातबारा नसतो. आणि डोंगराचं काय, डेव्हिल्स लेकला पाचशे फुटी कडे आहेतच की, तसलंच काहीतरी असेल. डोंगरावर पांढरे पट्टे दिसत होते ते मी ढगात जमा केले.

पैसे त्याने यूपीआयसारखे थेट बँकेतून मागितले. कार्ड नको, ‘माझं वय झालंय, ते मशीन जमत नाही.’ तीन रात्रींचे ४८० पाठवताना स्क्रीनवर वेगळंच नाव आलं. विचारलं, तर म्हणे सुनेचं खातं आहे. आठवड्याने २०० डॉलर डिपॉझिट, परत मिळणारं. निघायच्या दोन दिवस आधी आणखी ७५, काउंटीकडून शेकोटीचं परमिट काढायला, नाहीतर बुकिंग रद्द. ६८० अडकलेले असताना ७५ साठी कोण थांबतं? नंतर कळलं की विस्कॉन्सिनमध्ये स्वयंपाकाच्या किंवा शेकायच्या साध्या शेकोटीला एरवी परमिट लागतच नाही. काउंटीच्या ऑफिसला एक फोन केला असता तरी तिथेच पितळ उघडं पडलं असतं.

चार गाड्या, पंधरा माणसं, मसाला लावलेलं चिकन कूलरमध्ये, तीन डझन पाव. मॅडिसन गेलं, डेल्सच्या वॉटरपार्कांच्या पाट्या गेल्या, मॉस्टनला हायवे सोडला. शेवटी फोन म्हणाला, तुम्ही पोचलात. दोन्ही बाजूंना मका. चार जुलैला मका गुडघ्याला लागला पाहिजे असं इकडचे जुने शेतकरी म्हणत. हा छातीला लागत होता. फाटक बंद, त्यावर ‘आत येऊ नये’ची पाटी. पाण्याचा थेंब नाही. त्याचा फोन बंद.

दहा मिनिटांनी एक शेतकरी चारचाकी बाइकवरून आला. जमीन त्याची, पत्ता त्याचा, तळं तिथून चार मैलांवर. तो चिडला नाही. असे आम्ही पहिलेच नव्हतो. त्याने खिशातून फोन काढून काउंटीचा जमिनीचा नकाशा उघडला. तुकड्यावर बोट ठेवलं की मालकाचं नाव, एकर, कर, सगळं दिसतं, आणि तेही फुकट. मका निरखत उभे असलेले बाबा पुढे आले, स्क्रीनवर वाकले, मग माझ्याकडे बघितलं.

“ह्यो सातबाराच की.”

मी काही बोलले नाही. मुलं “तळं कुठाय?” विचारत होती. आसपासच्या मोटेलांत एक खोली मिळेना. चिकन रात्री एक वाजता घरी येऊन ओव्हनमध्ये भाजलं.

दुसऱ्या दिवशी तो फोटोच इंटरनेटवर टाकून मूळ कुठला ते शोधलं. मेंडेनहॉल लेक, जूनो, अलास्का! पठ्ठ्याने ‘जूनो लेक’ शोधून पहिलं दिसलं ते उचललं होतं, आणि फोटोतली हिमनदी कापून उरलेला डोंगर आम्हाला विकला होता. हे शोधायला मला अर्धं मिनिट लागलं. तेवढा वेळ मे महिन्यात माझ्याकडे नव्हता, पाव कोणी आणायचे यावर मात्र आम्ही दोन तास घातले होते.

बँकेने हात वर केले: पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, कोणी चोरलेले नाहीत. क्रेडिट कार्डाने दिले असते तर त्या रकमेवर वाद घालता आला असता. म्हणूनच ‘कार्ड नको’ म्हणणाऱ्याशी मी आता पुढे बोलतच नाही, सून असो की जावई. शिवाय विस्कॉन्सिनमध्ये खासगी कॅम्पग्राउंडला राज्याचा परवाना लागतो. तो नंबर मागायचा. खरा मालक दोन मिनिटांत देईल. शेरीफच्या ऑफिसात, ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या एफटीसी या सरकारी संस्थेकडे आणि एफबीआयच्या ऑनलाइन तक्रारींच्या पानावर सगळं नोंदवलंय. पैसे परत येतील म्हणून नाही, पण त्या खात्याचा नंबर कुठेतरी लिहिला जावा.

ऑगस्टमध्ये लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीच्या, जाहिराती सुरू झाल्या, आणि तोच डोंगर पुन्हा दिसला. या वेळी तळं मिशिगनमधलं होतं आणि भाव १८० झाला होता. मी खाली लिहिलं, हा फोटो अलास्काचा आहे, पैसे पाठवू नका. पाच मिनिटांत माझी कमेंट उडाली आणि ग्रुपमधून मीही.