हिरड्यांचा आजार: साधं क्लीनिंग, डीप क्लीनिंग की फ्लॅप?

बेसिनमध्ये थुंकी लाल दिसली की आपल्याकडे पहिला उपाय म्हणजे तिथे ब्रश लावायचाच नाही. हे नेमकं उलटं आहे. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या माणसांना दात घासणं बंद करायला लावलं होतं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या बऱ्याही झाल्या. म्हणजे नुसती सूज असेल तर ती परतवता येते. आत हाड झिजलं असेल तर ते सहसा पूर्वीसारखं भरून येत नाही.

म्हणून डॉक्टरांना आधी फटीच्या खोलीचा आकडा विचारा. मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळी हिरडी आणि दाताच्या फटीत अलगद घालून प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतात. माझ्या मामाचं तोंड तपासताना डॉक्टर बोलत होत्या, सहायक लिहीत होती: "तीन, दोन, तीन. पाच, चार, सहा." मामा विडी ओढायचा आणि ‘मला कधी रक्त आलं नाही’ हे अभिमानाने सांगायचा. धूम्रपानात रक्तस्राव दबतो, त्यामुळे आजार आत वाढत राहिला तरी बाहेर पत्ता लागत नाही.

सगळे आकडे तीनच्या आत असतील तर साधं क्लीनिंग पुरतं. लाळेतल्या क्षारांनी घट्ट झालेलं किटण ब्रशने निघत नाही, मशीनच्या कंपनांनी निघतं. त्यानंतर काही दिवस गार पाणी झोंबतं. ‘क्लीनिंग केलं की दात हलतात’ या समजुतीत एवढंच खरं आहे की किटणाने सांधलेला, आधीच सैल झालेला दात किटण निघाल्यावर उघडा पडतो.

खरा प्रश्न पडतो तो चार-पाचच्या पुढे. डीप क्लीनिंगमध्ये भूल देऊन हिरडीच्या खाली, मुळावर चिकटलेलं किटण खरवडतात. चिरायचं नाही, टाके नाहीत, दोन-तीन खेपांत काम होतं. फ्लॅपमध्ये हिरडी चिरून बाजूला करतात, मूळ आणि हाड डोळ्यांनी पाहून साफ करतात आणि टाके घालतात. ते साधारण आठवड्या-दहा दिवसांनी काढतात. दिसल्यामुळे सफाई चांगली होते, हा फ्लॅपचा मोठा फायदा. सहा मिलिमीटरहून खोल फटी, दाढेच्या दोन मुळांमधली बेचकी, हाडात पडलेला उभा खड्डा अशा ठिकाणी तो उजवा ठरतो. काही खड्ड्यांत हाडाची भुकटीही भरता येते. पण हिरडी जास्त खाली सरकते, दात लांब दिसतात, मुळं उघडी पडून ठणकतात. चार-पाच मिलिमीटरसाठी ही किंमत मोजावी असं मला वाटत नाही. तिथे डीप क्लीनिंग पुरेसं काम करतं.

एकदम फ्लॅपकडे जायचंही नसतं. आधी डीप क्लीनिंग, मग दीड ते तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी. पहिल्याच भेटीत कुणी सगळ्या तोंडाचा फ्लॅप सांगितला तर ‘आधी डीप क्लीनिंग करून परत मोजूया का?’ असं खुशाल विचारा. मामाच्या बहुतेक फटी चारवर आल्या, दोन दाढा सातवरच अडकल्या. चिरावं लागलं ते फक्त तिथे, तेही विडी सुटल्यावर.

साखर वाढलेली असेल तर जखम लवकर भरत नाही, त्यामुळे शस्त्रक्रिया सहसा पुढे ढकलतात; उलट हिरड्यांवर उपचार झाले की साखरही थोडी आटोक्यात येते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दंतवैद्यांना सांगा, आपल्या मनाने बंद करू नका. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या हिरड्या फुगतात. तेव्हा गोळी बदलता येईल का, हे फिजिशियनला विचारा.

घरगुती उपायांचं म्हणाल तर मिठाच्या गुळण्यांनी बरं वाटतं, किटण निघत नाही. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश थोड्या दिवसांपुरता ठीक; जास्त वापरला की दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बिघडते. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू, ती उपायांत धरूच नका.

खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत नायरचं दंत महाविद्यालयही आहे. तिथे अर्धा दिवस जातो, पण काम शिक्षकांच्या नजरेखाली होतं.

यापैकी काहीही केलं तरी पहिल्या वर्षी साधारण तीन-तीन महिन्यांनी जावं लागतं. दातांमधल्या फटी रुंद झाल्यावर दोरा (फ्लॉस) फारसा कामाचा राहत नाही, तिथे छोटा बाटली-ब्रशसारखा ब्रश लागतो, फटीत किंचित घट्ट बसेल एवढा. मामाला दोन मापांचे लागतात, आणि मागच्या दाढेचा कुठला हे तो अजूनही आरशासमोर उभा राहून मामीला विचारतो.